रॅन्सम म्हणजे काय: मागतो कोण, भरतो कोण, सुटतं कोण

दापोली, खेड, गुहागर, श्रीवर्धन या पट्ट्यात वाडीगणिक एखादं माणूस बोटीवर असतंच. त्यामुळे सोमालियासमोर किंवा एडनच्या आखातात जहाज पळवल्याची बातमी आली की इथे ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली जाते. इंग्रजी बातमीत ‘रॅन्सम’ असतं, मराठीत त्याची ‘खंडणी’ होते, आणि घरातली माणसं विचारतात, किती मागितलेत, आणि आपल्यावर किती येणार? यातला दुसरा प्रश्न बहुतेक वेळा मुळातच चुकीच्या समजुतीतून येतो. ती समजूत दूर व्हावी म्हणून हा शब्द नीट उलगडून सांगतो.

धरून ठेवलेलं माणूस किंवा वस्तू परत मिळवण्यासाठी दिलेली किंमत म्हणजे रॅन्सम. कोणीतरी किंवा काहीतरी ताब्यात असलं पाहिजे, त्या ताब्याच्या जोरावर मागणी झाली पाहिजे, आणि मागणी पुरी झाली की सोडू असा शब्द दिलेला असला पाहिजे. यातलं एक जरी नसलं तरी तो प्रकार रॅन्सम नव्हे. शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘रेदेम्प्तिओ’ म्हणजे पुन्हा विकत घेणं, सोडवून घेणं. तिथून तो जुन्या फ्रेंचमध्ये गेला, झिजला आणि इंग्रजीत रॅन्सम झाला. त्याच मुळाचा दुसरा शब्द ‘रिडेम्प्शन’. गहाण पडलेला दागिना सोडवणं याला इंग्रजीत रिडीम करणं म्हणतात ते त्यामुळेच. इंग्रजी शब्दाचा भर सुटकेवर आहे.

आपली खंडणी जुन्या अर्थाने याहून फार मोठी. जिंकलेल्या किंवा धाकात असलेल्या मुलखाने दरसाल भरायची रक्कम ती खंडणी. तिथे कोणी कैदी असण्याची गरज नव्हती. आजच्या पेपरात मात्र खंडणी म्हणजे बहुधा फोनवरून आलेली धमकी: अमुक लाख दे, नाहीतर बघून घेतो. मुंबई पोलिसांचं खंडणीविरोधी पथक मुख्यतः याच कामासाठी ओळखलं जातं. या प्रकाराला इंग्रजीत ‘एक्स्टॉर्शन’ म्हणतात. तिथे ताब्यात काही नसतं, असते फक्त भीती. आणि अपहरण करून पैसे मागितले तरी बातमीत खंडणीच. मुलखाचा कर, धाकाने उकळलेला पैसा आणि कैद्याची सुटकेची किंमत, तिन्हीला एकच शब्द. इंग्रजीत रॅन्सम यातला फक्त तिसरा. बातमी मराठीत वाचताना एवढं पाहावं, कोणी ताब्यात आहे का? असेल तर ते रॅन्सम.

‘ओलीस’ हा आणखी एक शब्द इथे येतो. जुन्या काळी तहाच्या अटी पाळल्या जातील याची हमी म्हणून स्वतःहून दिलेलं माणूस म्हणजे ओलीस. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शंभूराजे मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत असे राहिले. त्यात पैशाचा प्रश्नच नव्हता. आज आपण ओलीस हा शब्द जबरदस्तीने धरलेल्या माणसालाही लावतो. तो आता रुळला आहे, आणि त्यात काही बिघडत नाही.

कैदी धरून किंमत मागणं ही गोष्ट कोकण किनाऱ्याने फार जवळून पाहिली आहे, आणि दोन्ही बाजूंनी. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या राजापूरच्या वखारीतले इंग्रज त्याच्या मदतीला गेले आणि आपलं निशाण लावून त्यांनी गडावर तोफगोळे टाकले. व्यापाराला म्हणून आलेल्यांनी हे करावं याचा शिवाजी महाराजांना राग येणं रास्तच होतं. पुढच्या वर्षी, १६६१ मध्ये, त्यांनी राजापूर घेतलं आणि वखारप्रमुख हेन्री रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद केलं. सुटकेसाठी रकमेची मागणी झाली. कैद्यांनी सुरतेला, कंपनीच्या मुख्य वखारीला, पत्रांवर पत्रं लिहिली, आम्ही कंपनीचे चाकर, आम्हाला सोडवा. सुरतेहून आलेलं उत्तर मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलकं वाटतं. तुम्ही कैदेत का पडलात ते तुम्हीच जाणता, कंपनीच्या मालाचं रक्षण करताना नव्हे, पन्हाळ्यावर गोळे फेकायला गेलात म्हणून, अशा अर्थाचं ते होतं. १६६३ साली ते सुटले, तोवर दोन वर्षांच्या आसपास काळ कैदेत गेला होता.

रॅन्सममध्ये खरा वाद कुठे असतो ते इथे दिसतं. मागणारा एक असतो, पण द्यायचे कोणी? ज्याच्यासाठी माणूस गेला त्याने, की माणसाच्या घरच्यांनी? कंपनी म्हणत होती, आमच्या कामात तुम्ही धरले गेला नाहीत. आज जहाजमालक, विमा कंपनी आणि मालवाले यांच्यात होणारे वादही याच प्रश्नावरचे असतात.

दुसरी घटना अलिबागच्या कुलाबा किल्ल्याशी जोडलेली आहे. नोव्हेंबर १७१२ मध्ये कारवारहून मुंबईला निघालेल्या इंग्रजांच्या जहाजांना कान्होजी आंग्र्यांच्या गुराबांनी, म्हणजे लढाऊ जहाजांनी, गाठलं. त्यात मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौकाही होती. लढाईत कारवार वखारीचा प्रमुख थॉमस चाउन मारला गेला आणि त्याची गरोदर तरुण बायको कॅथरिन कैद होऊन कुलाब्याला आली. फेब्रुवारी १७१३ मध्ये, तहाच्या बोलण्यांबरोबर, ३०,००० रुपये भरून इंग्रजांनी तिला सोडवलं. इंग्रजी पुस्तकं याला चाचेगिरी म्हणतात. कान्होजी मराठी राज्याचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते, या पाण्यातून जाणाऱ्याने आपला दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा असा त्यांचा दावा होता आणि तो राज्याचा दावा होता. त्यांना चाचा म्हणणं मला पटत नाही. पण कॅथरिनसाठी मोजलेली रक्कम रॅन्सम होती यात शंका नाही. पैसे मागणारा राजा असो, सरदार असो की लुटारू, शब्द तोच राहतो. मागणाऱ्याला हक्क होता की नव्हता, याबद्दल तो काहीच सांगत नाही.

युरोपात तर राजेही याच रीतीने सुटले. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड धर्मयुद्धावरून परतताना डिसेंबर ११९२ मध्ये व्हिएन्नाजवळ पकडला गेला. ऑस्ट्रियाच्या ड्यूकने त्याला सम्राट सहाव्या हेन्रीच्या हवाली केलं. मागणी १,५०,००० मार्क चांदीची. इंग्लंडमध्ये लोकांच्या उत्पन्नाच्या आणि मालाच्या चौथ्या हिश्शाइतका कर बसला, आणि मोठा भाग पोचल्यावर फेब्रुवारी ११९४ मध्ये राजा सुटला. म्हणजे राजाची किंमत रयतेने भरली. इंग्रजीत ‘अ किंग्ज रॅन्सम’ म्हणजे अफाट रक्कम. घड्याळाला कोणी किंग्ज रॅन्सम मोजली असं लिहिलं असेल तर तिथे कैदी शोधू नये. ते घड्याळ फार महाग होतं एवढंच.

पैसे देऊनही सुटका होईलच असं नाही. इंका राजा आताहुआल्पाने १५३३ पर्यंत आजच्या पेरूतल्या काहामार्का इथे स्पॅनिश लोकांना खोलीभर सोनं आणि त्याच्या दुप्पट चांदी गोळा करून दिली. त्यांनी ती घेतली आणि जुलै १५३३ मध्ये त्याला ठार मारलं.

वाक्यात शब्द वापरताना एक जागा फसवी आहे. ‘टु रॅन्सम’ हे क्रियापद पैसे देऊन सोडवणाऱ्यासाठी आहे. ‘ही रॅन्सम्ड द प्रिझनर्स’ म्हणजे त्याने कैदी सोडवले, पैसे भरून. पळवणाऱ्यासाठी ‘होल्ड फॉर रॅन्सम’ म्हणतात. ब्रिटिश इंग्रजीत ‘होल्ड टू रॅन्सम’ असंही येतं, आणि त्याचा दुसरा अर्थ कोंडीत पकडून मागण्या मान्य करायला लावणं असा होतो. संपाच्या बातमीत ‘संघटनेने शहराला रॅन्समवर धरलं’ असं वाक्य दिसलं तर कोणी पैसे मागितलेले नसतात. जामिनाला मात्र रॅन्सम म्हणत नाहीत. जामिनाची रक्कम कोर्टात हजर राहण्याची हमी असते, अटी पाळल्या तर ती परत मिळते. रॅन्सम परत येत नाही.

गेल्या काही वर्षांत हाच शब्द संगणकात शिरला. रॅन्समवेअर म्हणजे तुमच्या फायली कुलूपबंद करून किल्लीसाठी पैसे मागणारा प्रोग्रॅम. मे २०१७ मधल्या वॉनाक्रायने जगभर हजारो संगणक असे अडवले आणि ३०० डॉलरच्या बिटकॉइनपासून मागणी सुरू केली. पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ ला, नॉटपेट्या आला. आपल्या उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम त्याने ठप्प केलं, कंटेनरचे ट्रक बाहेर रांगेत अडकले. त्यानेही ३०० डॉलर मागितले होते. पण तपासात दिसलं की फायली परत उघडायची सोयच त्यात नव्हती. पैसे भरले असते तरी काही मिळालं नसतं. मागणी रॅन्समची दिसत होती, प्रत्यक्षात तो विध्वंस होता. म्हणूनच सुटकेचा शब्द खरा आहे का हे आधी तपासावं लागतं.

आपला कायदा याबद्दल स्पष्ट आहे. भारतीय दंड संहितेत १९९३ साली रॅन्समसाठी अपहरणाचं कलम ३६४-अ घातलं गेलं, आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम १४० च्या पोटकलम २ ने घेतली आहे. शिक्षा मृत्युदंड किंवा जन्मठेप, आणि दंड. या कलमात पैशाबरोबर ‘एखादी गोष्ट करायला किंवा न करायला भाग पाडणं’ हेही आहे. तुरुंगातला आमचा माणूस सोडा, मग तुमचा देतो, अशी मागणीही त्यात बसते. पण नुसतं पळवून पैसे मागितले की हे कलम लागतंच असं नाही. तेलंगणातल्या एका शाळकरी मुलाच्या अपहरणाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०२१ साली सांगितलं की जिवाची किंवा इजेची धमकी, किंवा तशी रास्त भीती वाटावी असं वागणं, हेही सिद्ध व्हावं लागतं. ते सिद्ध न झाल्याने आरोपीची या कलमाखालची शिक्षा रद्द झाली आणि साध्या अपहरणाची शिक्षा राहिली. निव्वळ धमकीने उकळलेल्या खंडणीचं कलम वेगळं, न्याय संहितेचं ३०८. शिक्षेत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि बातमीत मात्र दोन्हीकडे ‘खंडणी’च छापलेलं असतं.

समुद्रावर या शब्दाचा सगळ्यात गुंतागुंतीचा वापर होतो, आणि कोकणातल्या घरांना तोच समजायला हवा.

२००५ ते २०१२ या काळात आफ्रिकेच्या शिंगाभोवती, म्हणजे सोमालियाच्या आसपास, १७९ जहाजं पळवली गेली. जागतिक बँक, इंटरपोल आणि संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाने २०१३ मध्ये काढलेल्या अहवालात या काळातली रॅन्समची एकूण रक्कम ३३.९ ते ४१.३ कोटी डॉलर धरली आहे. जहाजावर चढणाऱ्या साध्या चाच्याला त्यातले साधारण ३० ते ७५ हजार डॉलर मिळत, बाकीचे पैसे पाठीमागच्या भांडवलवाल्यांचे. बोलणी आठवडेच्या आठवडे चालत. पैसे देण्याआधी खलाशी जिवंत आहेत याचा पुरावा मागितला जाई, त्यासाठी त्यांना डेकवर रांगेत उभं करत. मग छोट्या विमानातून पॅराशूटने रोकड खाली सोडली जाई. सौदीचं ‘सिरियस स्टार’ हे तेलवाहू जहाज जानेवारी २००९ मध्ये अशाच रीतीने सुटलं. रक्कम ३० लाख डॉलर असल्याच्या बातम्या होत्या. वाटा घेऊन परतणाऱ्या काही चाच्यांची होडी उलटली आणि त्यातले पाच बुडाले.

हे पैसे खलाशाच्या घरून येत नाहीत. आधी जहाजमालक देतो, त्यामागे त्याचा विमा असतो. आणि त्याहून जुनी एक व्यवस्था आहे, तिला ‘जनरल ॲव्हरेज’ म्हणतात. सगळ्यांच्या मालमत्तेवर आलेलं संकट टाळायला एकाने जाणूनबुजून खर्च केला, तर तो खर्च सगळ्यांनी आपापल्या मालाच्या किमतीप्रमाणे वाटून घ्यायचा. समजा जहाजाची किंमत ६० कोटी, आतल्या मालाची ४० कोटी, आणि सुटकेसाठी २ कोटी दिले. मग १ कोटी २० लाख जहाजमालकाचे आणि ८० लाख मालवाल्यांचे. ही युक्ती आजची नाही. सम्राट जस्टिनियनच्या सहाव्या शतकातल्या कायदेसंग्रहात लिहिलं आहे की चाच्यांकडून जहाज सोडवून घेतलं असेल तर सगळ्यांनी वाटा उचलावा. आणि ‘सोडवून घेतलं’ यासाठी तिथे जो लॅटिन शब्द आहे त्याच्याच मुळातून रॅन्सम आला. आजच्या यॉर्क-अँटवर्प नियमांत खलाशाच्या पेटीतल्या सामानावर वाटा लावत नाहीत. माणसाच्या जिवाची किंमत तर या हिशेबात धरतच नाहीत.

घासाघीस करण्यात वेळ जातो आणि त्या वेळात माणसं हाल काढत असतात, हे मला या व्यवस्थेतलं सगळ्यात क्रूर अंग वाटतं. ‘लाँगचँप’ नावाचं गॅसवाहू जहाज २९ जानेवारी २००९ ला एडनच्या आखातात पळवलं गेलं. मागणी होती ६० लाख डॉलर, ५१ दिवसांच्या बोलण्यांनंतर सौदा ठरला १८ लाख ५० हजारांवर. या दिवसांतला खलाशांचा पगार, धोक्याच्या भागातला जादा भत्ता, जेवण, इंधन हा खर्च कोणी सोसायचा यावर मालक आणि मालवाले कोर्टात गेले. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये ठरवलं की हाही वाटून घ्यायचा खर्च आहे, कारण त्या दिवसांमुळेच रक्कम खाली आली. निकाल कायद्याला धरून बरोबर आहे. तरीही त्या जहाजावरच्या माणसांसाठी ते ५१ दिवस काय असतील ते आपल्याकडच्या बोटीवाल्याला सांगावं लागत नाही.

शब्द मोडला की काय होतं, हे ‘ॲस्फाल्ट व्हेंचर’वरच्या लोकांनी भोगलं. सप्टेंबर २०१० मध्ये पळवलेल्या या जहाजावरचे पंधराही जण भारतीय होते. एप्रिल २०११ मध्ये पैसे पोचले, जहाज सुटलं, पण सात जणांना चाच्यांनी ठेवून घेतलं. भारतीय नौदलाने पकडलेले आमचे लोक सोडा, ही नवी मागणी. ते सात जण ऑक्टोबर २०१४ मध्ये घरी आले. रॅन्सम भरल्यानंतर साडेतीन वर्षांनी.

रॅन्सम देणं गुन्हा आहे का, असंही लोक विचारतात. जहाज सोडवायला चाच्यांना पैसे देणं इंग्लंडच्या कायद्याने बेकायदा नाही, असं तिथल्या अपील कोर्टाने २०११ साली सांगितलं. समुद्री विम्याचे बरेच करार त्याच कायद्याने चालतात, म्हणून ते महत्त्वाचं. दहशतवादी संघटनेची गोष्ट वेगळी. त्यांना रॅन्समचा फायदा होऊ देऊ नका, असं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने जानेवारी २०१४ मध्ये सगळ्या देशांना सांगितलं आहे. आणि प्रत्येक सुटका पैशानेच होते असंही नाही. मार्च २०२४ मध्ये ‘रुएन’ या जहाजावरचे १७ खलाशी आयएनएस कोलकाता आणि नौदलाच्या कमांडोंनी सोडवले. ३५ चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले गेले. तिथे रॅन्सम हा शब्द लागूच होत नाही.

घरच्यांसाठी सगळ्यात कामाची गोष्ट पगाराची. खलाशी पळवला गेला की नोकरीचा करार संपला, पगार बंद, असं पूर्वी मालक म्हणू शकत. सागरी कामगार करार या आंतरराष्ट्रीय कराराच्या २०१८ च्या दुरुस्तीने हे बदललं. ती २६ डिसेंबर २०२० पासून लागू आहे. चाच्यांच्या कैदेत असेपर्यंत नोकरीच्या कराराची मुदत उलटली तरी तो चालू धरायचा आणि ठरलेला पगार, घरी पाठवायच्या रकमेसह, चालू ठेवायचा. भारत या आंतरराष्ट्रीय करारात २०१५ पासून आहे. म्हणून पोर बोटीवर चढण्याआधी नोकरीच्या कराराची प्रत आणि भरती करणाऱ्या एजंटचा नौवहन महासंचालनालयाचा परवाना क्रमांक घरात ठेवावा. वेळ आली तर दार ठोठवायचं कोणाचं, हे त्या कागदावरून कळतं. कोणी फोन करून ‘सुटकेसाठी एवढे लाख तुम्ही भरा’ म्हणालं, तर पैसे न देता आधी मालकाला, एजंटला आणि पोलिसांना कळवावं.

सागरी कामगार करार मासेमारीच्या बोटींना आणि जुन्या धर्तीच्या गलबतांना लागू नाही. त्यांच्यावरच्या माणसांना ते संरक्षण मिळत नाही, आणि ते मिळायला हवं असं मला ठामपणे वाटतं. गुजरातच्या बोटींवर जाणारे पालघरचे खलाशी पाकिस्तानच्या हाती सापडतात, त्यांच्या बाबतीत तर रॅन्समचा प्रश्नच येत नाही. ती एका सरकारने केलेली अटक असते, सुटका दोन सरकारांच्या बोलण्यांतून होते. २००८ च्या समझोत्याप्रमाणे दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. अशा घरी कोणी पैसे घेऊन माणूस सोडवून देतो म्हणत आलं, तर तो फसवणारा आहे असंच समजावं आणि यादीत नाव आहे का याची चौकशी मत्स्यव्यवसाय खात्याकडे करावी.